आवाजाकडे जाणारी घोडी

आप्पा, तुमची घोडी अजून आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर दारात आल्याबरोबर पहिल्यांदा तिच्याकडे गेला असतात आणि मग माझ्याकडे. ती आता म्हातारी झाली आहे. दात लांब झालेत, पाठ मध्ये खोलगट झाली आहे, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके उठलेत. कान मात्र तरुण आहेत, आणि त्या कानांबद्दलच लिहायला बसले आहे. उद्या रविवार. पलीकडच्या टॉवरमधली एक मुलगी सकाळी तिच्यावर बसायला येईल, आणि तिला बसू द्यावं की नाही हे मला अजून कळत नाही. तुम्ही जन्मभर परक्या माणसांना आपल्या घोडीवर बसवलंत. तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला विचारू?

शिवमंदिराच्या मागे आपलं घर होतं तेव्हा लग्नसराईत दारात रोज कोणी ना कोणी घोडी विचारायला यायचं. बहुतेक उल्हासनगरचे सिंधी. ते नवरदेवाला घोट म्हणायचे, आणि बघता बघता तुम्हीही म्हणायला लागलात. जेवताना आईला सांगायचात, आजचा घोट जाडा होता, खोगीर करकरलं. लोकांचं वरातीमागून घोडं असतं, तुमचं घोडं वरातीच्या तासभर आधी मांडवाच्या दारात उभं असायचं. स्वयंपाकघरात चण्यांचं एक मोठं पातेलं कायम भिजत पडलेलं. अर्धे आपल्या उसळीचे, अर्धे घोडीच्या चंदीचे, आणि कमी पडले तर कोणाच्या वाटणीतून जाणार हे आईला विचारायची गरज नव्हती. पोरीच्या केसांना तेल नाही पण घोडीच्या शेपटीला आहे, असं ती पुटपुटायची, आणि तुम्ही खरारा करत गालात हसायचात. घोट चढण्याआधी तुम्ही खोगिराचा पोटाखालचा तंग आवळायचात, घोडीला थोडं चालवायचात आणि मग पुन्हा आवळायचात. लबाड आहे, पहिल्यांदा पोट फुगवून ठेवते, असं म्हणायचात. मी तुमच्याकडून हे एवढं शिकले की आजही बोचक्याची गाठ मी दोनदा आवळते.

मग उल्हासनगरच्या त्या गल्लीतला प्रकार झाला. तो घोडा आपला नव्हता, दुसऱ्या एका घोडीवाल्याचा होता. तुम्ही मागच्या वरातीत आपली घोडी धरून उभे होतात. पुढे कोणीतरी फटाक्यांची लड लावली, घोडा जागच्या जागी फिरला, नवरदेव खाली आला, पण त्याचा पाय रिकिबीत अडकून राहिला. घोडा त्याला तसाच कोपऱ्यापर्यंत ओढत घेऊन गेला. पोरगा जगला, पण पुढे सरळ चालला नाही असं ऐकलं. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन ताटावर बसलात आणि घास न घेता उठलात. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "नाल वाजत होता नुसता. पोराचा आवाजच न्हवता." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लवंगी फटाक्यांचं पाकीट घेऊन आलात.

बाकीचे लोक घोड्याच्या कानात कापूस कोंबत. तुमचं म्हणणं, कापूस पडला की खेळ खलास. तुम्हाला अशी घोडी हवी होती जिला धमाका म्हणजे चांगली बातमी वाटेल. म्हणून फटाका वाजला रे वाजला की तिच्या तोंडासमोर ओंजळभर चणे. पुढे तेवढ्यावर भागेना, कारण वरातीत फटाके पुढे वाजतात आणि घोडीला तिकडेच जायचं असतं. मग तुम्ही मला कुंपणाच्या भिंतीपलीकडे चिंचेखाली चणे घेऊन उभं करायचात, माझ्या बाजूला फटाका टाकायचात आणि घोडी मोकळी सोडायचात. ती आवाजाच्या दिशेने यायची आणि माझ्या हातातलं खायची. मी तेव्हा फ्रॉकमधली. दचकले नाही तर मला गुळाचा खडा मिळायचा, तुमच्या त्याच हातातून, फटाक्याच्या दारूचा वास लागलेला. हळूहळू लवंगीवरून सुतळी बॉम्बवर गेलात. काही दिवसांनी घोडीही दचकेना आणि मीही. आई म्हणायची, एक सोडून दोन घोड्या शिकवतोय हा माणूस.

त्यानंतरची प्रत्येक घोडी तुम्ही अशीच घडवलीत. ही त्यातली शेवटची. हिच्या वेळी मी लग्नाला आलेली होते, तरी चिंचेखाली उभी राहायला मीच, आणि गुळाचा खडा तेव्हाही मिळायचाच. तुमच्या मेहनतीचं चीज झालं, हे कबूल केलं पाहिजे. उल्हासनगरात पुढे धुराचा नुसता लोट उठायचा, नाचणारे कानावर हात ठेवून बाजूला व्हायचे, आणि ही मान वळवून, पाऊल मोजून त्या धुरातून घोटाला घेऊन जायची. एका नवरदेवाचा काका म्हणाला होता, "चाचा, ये घोडी नहीं, शेरनी है." तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत आणि घरी येऊन ते आम्हाला परत परत सांगितलंत.

तुमचं एक बोलणं मात्र मी विसरले नाही. घरात मुलगा नाही म्हणून तुम्ही मला वरातीत दोर धरायला न्यायचात. एका लग्नात कोणीतरी सरबताचा पेला पुढे केला आणि तो घ्यायला मी दोर खाली टाकला. झालं काहीच नाही. घोट वर बसलेला, घोडी उभी. तुम्ही गर्दीतून आलात, जमिनीवरचा दोर उचललात आणि वरात संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाहीत. घरी आल्यावर विचारलंत, दोर का सोडला. मी म्हटलं, गरीब आहे ती, कुठे जाणार होती? तेव्हा तुम्ही म्हणालात, "घोडी गरीब असंल. पन पाठीवर बसल्यालं माणूस तिच्या जिवावर बसत न्हाई, आपल्या बसतं." माझ्या लग्नात साड्या आणि भांड्यांच्या ढिगात तुम्ही स्वतः वळलेला सुती दोर ठेवलात, एका टोकाला माझ्या मुठीच्या मापाने जाड केलेला. सासरचे पोट धरून हसले. मलाही तेव्हा लाज वाटली होती.

तुम्ही गेलात तेव्हा घोडी विकून टाका म्हणणारे पुष्कळ होते. मी तिला इकडे आणली, आनंदनगरच्या मागच्या वस्तीत. तेव्हा इथे भाताची खाचरं होती, आता तीन बाजूंनी कंपन्या आहेत आणि मध्ये आमचं एक शेत उरलंय. मी इथल्याच एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिथे आम्हाला शिकवतात की धमाका झाला तर आधी वारा कुठला आहे ते बघा आणि वाऱ्याच्या आडवं पळा. घोडी वरातीला मी कधी नेली नाही. पण दारात घोडी असली की ती एकट्याची राहत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. वस्तीतली पोरं बसतात, चामटोलीहून नणंदेची मुलं आली की ती बसतात, साखरपुडा झालेली जोडपी फोटोसाठी बसतात. एकदा आमचे सुपरवायझर साहेब बसले आणि उतरल्यावर दोन दिवस वाकून चालत होते. मी कोणाला नाही म्हटलं नाही. कोणी तिच्या पाठीवर बसलं की तिची मान उंच होते आणि मला तुमच्या घरातले दिवस आठवतात, हे खरं कारण.

ती मुलगी गेल्या पावसाळ्यानंतर यायला लागली. सहावीत आहे. तिला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे. हेल्मेट घातलं की मशीन शिटी मारतं, म्हणून बसण्याआधी ते काढून माझ्याकडे देते आणि मी ते पदराच्या टोकाला बांधून ठेवते. तिची आई ठाण्याला नोकरी करते. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली होती, मावशी, पाडणार नाही ना? नंतर नंतर बांधावर बसून निवांत फोन बघायला लागली. मुलगी बोलते कमी, पण घोडीच्या मानेवरून, पाठीवरून तिला जे कळतं ते मला एवढ्या वर्षांत कळलं नाही. आधी तुमचा दोर माझ्या मुठीत असायचा. मग लांब सोडला. दिवाळीनंतर सोडूनच दिला. शेताला कुंपण आहे, घोडी म्हातारी आहे, पोरीला बसायला छान येतं, असं मीच मला समजावलं.

तोवर काही गोष्टी घडून गेल्या होत्या, आप्पा. डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडाला की ही मान वर करून चार पावलं तिकडे जायची. मी हसायचे. म्हटलं, आजीबाई, तिकडे कोणाचं लग्न नाही. मग एकदा रस्त्यावर टँकरचा टायर फुटला आणि ती कुंपणाला छाती लावून उभी राहिली. आणि मग एका सकाळी खुंटी उपटलेली आणि घोडी नाही. शोधत शोधत गेले तर रस्त्याच्या वळणावर पहाटे उडालेल्या ट्रान्सफॉर्मरखाली ती उभी होती. जळक्या तारा खाली लोंबत होत्या आणि ही त्यांच्याजवळ तोंड नेऊन ओठ हलवत होती, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. तिथला वॉचमन म्हणाला, बहादूर आहे हो घोडी, सगळे लांब पळाले, ही एकटी आली. मला तिथेच सगळं कळलं. तिला घरी आणली, आणि त्या दिवशी मीही ताटावरून उठले. तरी पुढच्या रविवारी पोरीला वर बसवलीच. म्हटलं, रविवारी खाण बंद असते.

मागच्या रविवारची गोष्ट. ऊन चढलेलं, वारा पडलेला. पोरीची आई भाजी आणायला गेली होती. पोरगी शेताला गोल फेऱ्या मारत होती, पदराच्या गाठीत तिचं मशीन. आधी पायाखालची जमीन हलते, मग आवाज येतो. शेजारणीच्या मांडणीवरची भांडी घरंगळतात, झाडावरचे सगळे कावळे एकदम उठतात, आणि कंपन्यांच्या पत्र्यांवरून पिवळट धूर वर चढायला लागतो. मग भोंगा. वस्तीतली कुत्री पायांत शेपटी घालून आमच्या बाजूला पळत येतात. आणि घोडी निघते. उधळली असती तर बरं झालं असतं, निदान पोरीने लगाम खेचला असता. पण ती तिच्या वरातीच्या चालीने निघाली, मान कमानदार, पाऊल मोजून. शेताचं फाटक उघडंच होतं. त्यातून ती रस्त्याला लागली आणि धुराकडे चालायला लागली.

पोरीला काही ऐकू आलं नव्हतं. तिला एवढंच कळलं की आज घोडी कधी चालत नाही इतकी छान चालते आहे. ती पाठ ताठ करून बसली. मी हाका मारत मागे धावत होते, आणि ज्या कानांत त्या हाका जायच्या ते माझ्या पदरात बांधलेले. समोरून माणसं येत होती, तोंडाला रुमाल, ओढण्या, कोणी चालत, कोणी तिघं-तिघं गाडीवर. ती सगळी घोडी बघून बाजूला होत होती, वरातीला वाट देतात तशी. कोणाला तिला धरावंसं वाटलं नाही. इतक्या शांतपणे चाललेली घोडी कोणीतरी पाठवलेलीच असणार, असं वाटलं असेल. मला घशात जळजळ जाणवायला लागली होती. मी जोरात धावले की तीही पाय उचलायची, आणि अंतर तेवढंच.

तेवढ्यात वस्तीतला तो फटाका सायलेन्सरवाला पोरगा गाडीवरून येताना दिसला. रोज संध्याकाळी तो आमच्या दारावरून बार उडवत जातो आणि मी रोज त्याचा उद्धार करते. मी त्याचं हँडल धरलं.

"ओ काकी, सोडा ना, तिकडे गॅस आहे, चला बसा मागे," तो म्हणाला.

"गाडीचा फटाका मार."

"काय?"

"रोज मारतोस तो. मार."

त्याला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. पण माझा हात हँडलवरून निघेना, म्हणून त्याने मारला. घोडी थांबली. तिचा एक कान मागे फिरला, दुसरा धुराकडेच. मी म्हटलं, अजून मार, आणि त्याने लागोपाठ बार काढले. ती दोन आवाजांच्या मध्ये उभी होती, आप्पा, आणि तिच्या पाठीवर ती पोर. मग ती हळूच वळली, माझ्याकडे आली आणि माझ्या हातात तोंड घातलं. हातात काही नव्हतं. मी लगाम धरला आणि आम्ही वाऱ्याच्या आडव्या, ओढ्याच्या बाजूने पळालो. बऱ्याच लांब गेल्यावर पोरीला खाली उतरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती हसत होती. म्हणाली, "मावशी, मी काहीच नाही केलं. ती स्वतःच गेली."

त्या कंपनीत आत असलेल्यांचं काय झालं, हे अजून धड कोणी सांगत नाही. घोडीचं नाव मात्र सगळीकडे झालं. एवढा धमाका झाला, कुत्री पळाली, माणसं पळाली, पण घोडी घाबरली नाही, पोरीला साधं खरचटू दिलं नाही, असं जो तो सांगतो. कालपरवा उल्हासनगरहून एका म्हाताऱ्या सिंधी शेठचा फोन आला. त्याची स्वतःची वरात तुमच्या एका जुन्या घोडीवर निघाली होती, आता नातवाला हीच घोडी हवी आहे. म्हणे, "ऐसी घोडी आजकल मिलती कहाँ है." वय झालंय सांगून मी फोन ठेवला. पण सगळ्यात वाईट पोरीची आई. ती घरी येऊन माझा हात धरून म्हणाली, मावशी, आता तर मी डोळे झाकून पाठवेन.

या आठवड्यात कामावरून आले की मी घोडीला उलटं शिकवायला बसते. तुम्ही हसाल. लवंगी लावते आणि रिकामा हात पुढे करते. आवाज झाला की ती येते, तळहात हुंगते, मग कोपर हुंगते, मग पदर, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. पुन्हा लावते, पुन्हा येते. तिला राग येत नाही. तिला वाटतं मी विसरले. रोज ती आदल्या दिवसापेक्षा लवकर येते. तुम्ही एखादी गोष्ट शिकवलीत ती अशी पक्की शिकवलीत की तुमच्या मागे ती कोणाला पुसता येत नाही, आणि याचा मला राग येतो, आप्पा. ज्या पोराला घोड्याने ओढत नेलं त्याच्यासाठी तुम्ही हे केलंत, मला माहीत आहे. तरी राग येतो.

आज दुपारी मी त्यांच्या टॉवरमध्ये जाऊन सगळं सांगून आले. चणे, भिंत, चिंच, ट्रान्सफॉर्मर, गाडीच्या फटाक्याने घोडी कशी वळली ते. पोरीच्या आईने हातातला कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. पोरगी शेजारी बसून ऐकत होती, मशीन लावलेलं होतं. तिने मला विचारलं, "पण ती तिकडे का जाते?"

मी म्हटलं, तिला वाटतं तिकडे खाऊ आहे.

"मग तिला सांगा ना, तिकडे खाऊ नाहीये म्हणून."

मला वाटलं आता तिची आई नाही म्हणेल, आणि खरं सांगायचं तर मी त्याच आशेने गेले होते. ती पोरीकडे बघत राहिली. आठवडाभर ही रविवारचीच वाट बघते, म्हणाली, बाकी कुठे जायला मागत नाही. मग तिने विचारलं, तुम्ही दोर धराल का, पूर्ण वेळ? मी म्हटलं, मनगटाला वेढा देऊन धरेन. मग येऊ दे, ती म्हणाली, दोर तुमच्या हातात असेल तर मला भीती नाही.

घरी येऊन मी तुमचा दोर काढला, झटकला. जाड टोक अजून मुठीत बरोबर बसतं. दावणीपाशी घोडी उभी आहे, कान सतत फिरवते आहे. हा कागद मी कुठे पाठवणार? चण्यांच्या डब्याखाली ठेवून देईन, तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही. पण ठेवण्याआधी एक सांगते, जे पोरीच्या आईला सांगितलं नाही. त्या दिवशी जमीन हलली तेव्हा मी पोरीकडे बघितलं नाही. मी आवाजाकडे वळले, आणि चार पावलं चाललेसुद्धा. घोडी माझ्यानंतर निघाली. भीती वाटायच्या आधी माझ्या तोंडाला गुळाची चव आली होती.